खेळाला कुलूप

(तृतीय वर्ष कला, अर्थशास्त्र)

गेल्या दिवाळीच्या सुटीत मी पुण्याला आत्याकडे गेलो होतो. माझी आतेबहीण, जिला मी ताईच म्हणतो, गेली चार वर्षे जपानी भाषा शिकते आहे. पुण्यात जपानी शिकणारे पुष्कळ. त्यामुळे तिच्या ओळखीतले कोणी ना कोणी जपानला जात-येत असते. अशाच एका मैत्रिणीने ओसाकाहून येताना तिच्यासाठी एक व्हिडीओ गेम आणला होता. ताईला तो खेळण्यापेक्षा वाचायला हवा होता. त्या खेळात एक मोठी गोष्ट आहे, पात्रांचे पानेच्या पाने भरतील असे संवाद आहेत आणि प्रत्येक अवघड चिन्हाच्या डोक्यावर त्याचा उच्चार बारीक अक्षरांत दिलेला आहे. परकी भाषा शिकणाऱ्याला याहून चांगले वाचनपुस्तक कोणते मिळणार?

खेळयंत्र ताईकडे होतेच. अमेरिकेतील नोकरी संपवून परतलेल्या एका शेजाऱ्यांकडून तिने ते जुन्या भावात घेतले होते. हातात मावणारे, छोट्या पडद्याचे. ओसाकाहून आलेले इवलेसे कार्ड त्याच्या खाचेत अगदी बरोबर बसले. यंत्र सुरू केले. पण पडद्यावर काही उमटेना. यंत्राच्या लेखी खाच रिकामीच होती!

लहानपणी बाबांनी बाजारातून आणलेल्या ‘टीव्ही गेम’ची मला आठवण झाली. त्याची कॅसेट चालेनाशी झाली की आम्ही ती काढून तिच्यावर फुंकर मारत असू. सवयीने मी कार्ड काढून फुंकर मारली. ताई हसली आणि म्हणाली, “अरे, धूळ नाही ती. यंत्र अमेरिकेचं आहे आणि खेळ जपानचा. दोघांचं जमत नाही.”

“पण कंपनी तर एकच ना?” मी विचारले.

“एकच. तिनंच तर जमू दिलेलं नाही!”

त्या कंपनीचे नाव मी लिहीत नाही, कारण हा प्रकार एकट्या तिचा नाही. मात्र ताईचे ते वाक्य डोक्यातून जाईना. खेळ अस्सल, दुकानात पूर्ण किंमत मोजून घेतलेला. यंत्रही अस्सल. दोन्ही एकाच कारखानदाराची. आणि तरीही एक दुसऱ्याला ओळख दाखवत नाही. हे कसे आणि कशासाठी, याचा मी सुटीभर आणि नंतरही शोध घेतला. त्याचे सार वाचकांपुढे ठेवतो. व्हिडीओ गेम हा पोरखेळ आहे, वार्षिकांकात त्याचे काय काम, असे आमच्या काही प्राध्यापकांना वाटेल. त्यांना एवढीच विनंती की, थोडा धीर धरावा. प्रश्न खेळाचा दिसत असला, तरी तो विकत घेतलेली वस्तू कोणाची, असा आहे.

या व्यवस्थेला इंग्रजीत रीजन लॉक म्हणतात. आपण तिला ‘प्रदेशकुलूप’ म्हणू. कंपनी जगाचे काही विभाग पाडते. जपान हा एक, उत्तर अमेरिका हा दुसरा, युरोप आणि ऑस्ट्रेलिया मिळून बहुधा तिसरा. एका विभागात विकलेला खेळ त्याच विभागात विकलेल्या यंत्रावर चालावा, अशी योजना यंत्राच्या पोटातच केलेली असते. ज्यांनी इंग्रजी चित्रपटांच्या डीव्हीडी पाहिल्या असतील त्यांना हा प्रकार नवा नाही. डीव्हीडीच्या नकाशात अमेरिका पहिल्या विभागात होती, तर भारत पाचव्या. अमेरिकेतल्या मामाने प्रेमाने पाठवलेली तबकडी इथल्या यंत्रात घातली की ‘विभाग चुकला’ अशी पाटी झळकायची.

आता कोणी म्हणेल, व्यापारी माणूस गिऱ्हाईक परत का लावील? याचे उत्तर आमच्या क्रमिक पुस्तकातच आहे. मक्तेदारीच्या प्रकरणात ‘मूल्यभेद’ नावाचा एक भाग येतो. एकच वस्तू वेगवेगळ्या गिऱ्हाइकांना वेगवेगळ्या किमतीला विकणे म्हणजे मूल्यभेद. त्याला तीन अटी लागतात. विक्रेत्याच्या हाती किमतीवर ताबा हवा. निरनिराळ्या बाजारांतील मागणीची लवचीकता निरनिराळी हवी. आणि तिसरी, सर्वांत महत्त्वाची अट अशी की, स्वस्त बाजारातील माल महाग बाजारात जाता कामा नये. सरांनी वर्गात विचारले होते, “डॉक्टर श्रीमंताकडून जास्त आणि गरिबाकडून कमी फी घेऊ शकतो, पण साखरेचा व्यापारी तसे का करू शकत नाही?” कारण साखर एकाकडून दुसऱ्याला विकता येते, डॉक्टरची तपासणी विकता येत नाही. प्रदेशकुलूप म्हणजे ही तिसरी अट पुरी करण्यासाठी बांधलेली भिंत होय. साखरेसारख्या वस्तूला तपासणीसारखे बनवण्याची ती युक्ती आहे.

आपल्यापैकी अनेकांच्या कपाटात याचा एक सौम्य नमुना सापडेल. परदेशी प्रकाशकांच्या पाठ्यपुस्तकांच्या स्वस्त भारतीय आवृत्त्या आपण वापरतो. त्यांच्या मलपृष्ठावर किंवा आतल्या पानावर, ही प्रत फक्त भारतीय उपखंडात विक्रीसाठी आहे, अशा अर्थाची ओळ असते. पण ती ओळ असूनही पुस्तक लंडनला नेले म्हणून त्याची अक्षरे पुसली जात नाहीत. अमेरिकेत शिकणाऱ्या सुपाप किर्तसेंग या थाई विद्यार्थ्याने थायलंडमधल्या घरच्यांकडून अशीच स्वस्त पुस्तके मागवून अमेरिकेत विकली, तेव्हा प्रकाशकाने त्याला कोर्टात खेचले. १९ मार्च २०१३ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला. रीतसर विकत घेतलेली प्रत, ती परदेशात छापलेली असली तरी, पुन्हा विकण्याचा हक्क घेणाऱ्याला आहे, असा त्याचा मथितार्थ. पुस्तकाच्या बाबतीत वाद निदान न्यायाधीशापुढे जातो, दोन्ही बाजू ऐकल्या जातात. खेळाच्या बाबतीत तो यंत्राच्या आतच निकालात निघतो. तिथे वकील नाही आणि अपीलही नाही.

ही कुलपे कशी घडत गेली, त्याचा इतिहास मोठा मौजेचा आहे. जपानच्या निन्टेन्डो कंपनीने १५ जुलै १९८३ रोजी ‘फॅमिकॉम’ नावाचे यंत्र तिकडे विक्रीस आणले. त्याच्या कॅसेटला ६० पिना होत्या आणि कुलूप नव्हते. १९८५ मध्ये तेच यंत्र नव्या पेटीत, ‘एनईएस’ या नावाने अमेरिकेत गेले, तेव्हा कॅसेटला ७२ पिना झाल्या आणि आत एक चिप आली. तशीच जोडीदार चिप यंत्रातही होती. यंत्र सुरू होताच दोघी ठरलेल्या तालावर एकमेकींना संकेत देत. ताल जुळला तर खेळ चालायचा. तो चुकला की यंत्र दर सेकंदाला स्वतःला पुन्हापुन्हा सुरू करी आणि त्याचा लाल दिवा लुकलुकत राही. परवान्याशिवाय कोणी खेळ काढू नये, हा या चिपचा मुख्य हेतू होता. पण अमेरिकेसाठी एक ताल आणि युरोपसाठी दुसरा, असे ठरवले की तीच चिप प्रदेशाचे कुलूपही होते. निन्टेन्डोने पुढे युरोपचेसुद्धा दोन तुकडे केले, आणि दोहोंना निराळ्या चिपा दिल्या.

आपल्याकडे घरोघरी आलेला ‘टीव्ही गेम’ हा त्या मूळ जपानी फॅमिकॉमच्या नकलांचा वंशज. त्याच्या कॅसेटलाही ६० पिनाच असत. म्हणून तर शेजारच्या बंड्याची कॅसेट आमच्या यंत्रात आणि आमची त्याच्या यंत्रात बिनदिक्कत चालायची. नकली मालाला कुलूप नव्हते आणि अस्सल मालाला होते, हा विरोधाभास लक्षात ठेवण्यासारखा आहे. पुढे त्याची गरज पडणार आहे.

पुढच्या यंत्रांत कधीकधी कुलूप अगदी साधे, सुताराने केल्यासारखे असे. १९९० मध्ये जपानात ‘सुपर फॅमिकॉम’ आले आणि १९९१ मध्ये त्याचा अमेरिकी अवतार निघाला. अमेरिकी यंत्राच्या खाचेत प्लॅस्टिकचे दोन छोटे दात होते. अमेरिकी कॅसेटच्या पाठीला त्यांच्या मापाच्या खाचा होत्या; जपानी कॅसेटला त्या नव्हत्या. बस, एवढेच! शौकिनांनी पक्कड घेऊन ते दात मोडले, आणि जपानी खेळ अमेरिकेत चालू लागले. युरोपात मात्र चिप आड येई. तिथे शौकिनांनी दोन खाचांचा जोड वापरला. एका खाचेत परदेशी कॅसेट, दुसऱ्या खाचेत गावातली. यंत्राने ओळख विचारली की गावातल्या कॅसेटची चिप उत्तर देई आणि खेळ मात्र पाहुणीचा चाले.

एक कुलूप तर कोणी मुद्दाम लावलेलेही नव्हते. अमेरिका आणि जपान येथील दूरदर्शन पद्धतीत चित्र सेकंदाला ६० वेळा रेखाटले जाई, युरोपात ५० वेळा. भारतात १९८२ मध्ये रंगीत दूरदर्शन आले, तेही याच ५० च्या पद्धतीचे. बहुतेक खेळांचा वेग चित्राच्या ठोक्यावर बांधलेला असे. त्यामुळे साठाचा खेळ पन्नासात नेताना नीट दुरुस्त केला नाही, तर तो सुमारे १७ टक्के मंद चाले आणि पडद्याच्या वर-खाली काळ्या पट्ट्या दिसत. ‘सॉनिक’ हा निळा हेजहॉग आपल्या धावण्याबद्दल प्रसिद्ध. पण १९९१ चा त्याचा पहिला खेळ युरोपात आला तो पाय ओढत आणि संगीतही संथ करून. युरोपातील मुलांनी वर्षानुवर्षे मूळ खेळ असाच आहे असे समजून तो खेळला.

१९९४ च्या डिसेंबरात सोनीचे ‘प्लेस्टेशन’ जपानात आले आणि कॅसेटऐवजी तबकडी आली. इथले कुलूप खरोखर बुद्धिमान होते. तबकडीवरील रेषेला कारखान्यातच एक सूक्ष्म नागमोडी कंप दिलेला असे आणि त्यात चार अक्षरांची खूण दडवलेली असे. जपानला एक खूण, अमेरिकेला दुसरी, युरोपला तिसरी. यंत्र आधी ती खूण वाचे आणि मगच पुढे जाई. घरगुती यंत्रावर तबकडीची नक्कल केली तर खेळ उतरे, पण तो कंप उतरत नसे. म्हणजे एकाच खुणेने दोन कामे होत. नक्कल ओळखली जाई आणि परदेशी अस्सल तबकडीही अडवली जाई. इलाज म्हणून शौकीन यंत्रात एक छोटी चिप डाखवून घेत. ती यंत्राला हवी ती खूण सतत सांगत राही.

चोर आणि गिऱ्हाईक यांची गल्लत झाली ती इथे. ती चिप बसवली की जपानहून पैसे देऊन मागवलेला खेळ चाले हे खरे, पण दोन पैशांची चोरटी नक्कलही चाले. ज्याला फुकट खेळायचे होते त्याला प्रदेशाची अडचण कधी नव्हतीच. त्याला मिळेल ती नक्कल चालत होती. खरी अडचण होती ती पदरमोड करून अस्सल खेळ मागवणाऱ्याची. चोरासाठी लावलेले कुलूप सावकाराला लागले आणि ते उघडायला गेलेला सावकारच चोर ठरला.

हा परदेशाहून खेळ मागवणारा शौकीन कोण असतो, तेही पाहू. त्याला परदेशी वस्तूचा सोस आहे, असे समजणे अन्यायाचे होईल. बहुधा त्याच्या देशात तो खेळ मिळतच नसतो. ‘क्रोनो ट्रिगर’ हा नावाजलेला खेळ १९९५ मध्ये जपानात आणि अमेरिकेत निघाला. युरोपच्या दुकानांत तो पहिल्यांदा पोचला २००९ मध्ये, तोही दुसऱ्याच यंत्रासाठी! ‘फायनल फॅन्टसी’ मालिकेतला सहावा भाग १९९४ चा; युरोपला तो २००२ मध्ये मिळाला. दहा वर्षांच्या मुलाला चोवीस वर्षांचा होईपर्यंत थांबा म्हणण्यासारखे हे झाले. म्हणून इंग्लंडमधली मुले आयात करणाऱ्या दुकानांचे उंबरठे झिजवीत. १९९२ ते १९९६ या काळात तिकडे ‘सुपर प्ले’ नावाचे मासिक निघे. जपानी खेळांची ओळख करून देणे हे त्याचे एक मुख्य काम होते.

या शौकिनाचा खर्च केवळ खेळापुरता थांबत नाही. टपाल आणि जकात येतेच. कुलूप उघडत नसेल तर त्या देशाचे वेगळे यंत्र घ्यावे लागते. जपानी यंत्र १०० व्होल्टच्या विजेचे, आपली वीज २३० व्होल्टची. म्हणजे मध्ये विजेचा दाब उतरवणारा ट्रान्सफॉर्मर आला. यंत्र बिघडले तर हमीपत्र इथे चालत नाही. आणि इतके करून खेळ सुरू झाला, तरी तो परक्या भाषेत!

पण या भाषेच्या अडचणीतून जे निर्माण झाले ते मला सर्वांत मोलाचे वाटते. शौकिनांनी शब्दकोश घेऊन खेळातले संवाद उतरवले, त्यांची भाषांतरे केली आणि ती एकमेकांना फुकट वाटली. त्याचे ठळक उदाहरण म्हणजे ‘मदर ३’. शिगेसातो इतोई या जपानी लेखकाची ही कृती. २० एप्रिल २००६ रोजी ती जपानात प्रसिद्ध झाली. मृत्यू, कुटुंबाची ताटातूट आणि एका खेड्यात पैसा शिरल्यावर होणारे बदल, असा तिचा विषय. ज्या यंत्रासाठी ती निघाली त्याला प्रदेशकुलूप नव्हते, त्यामुळे जपानी प्रत कोणाच्याही यंत्रावर चालत होती. पण इंग्रजी आवृत्ती कंपनीने काढलीच नाही. अखेर क्लाइड मँडेलिन या भाषांतरकाराच्या पुढाकाराने शौकिनांनीच भाषांतर केले आणि ऑक्टोबर २००८ मध्ये ते सर्वांना खुले केले. मी हे ताईला सांगितले तेव्हा ती म्हणाली, “म्हणजे दार उघडं असलं की लोक जिना स्वतःच बांधतात.” मला वाटते, ती बरोबर बोलली. खेळ यंत्रावर चालतच नसता, तर भाषा शिकण्याचे आणि भाषांतराचे कष्ट किती जणांनी घेतले असते?

आता कंपन्यांची बाजू. ती न मांडता लेख पुरा केला तर एकतर्फी होईल. पहिली गोष्ट, प्रत्येक देशात वितरक वेगळे असतात. त्यांनी त्या देशापुरते हक्क विकत घेतलेले असतात. बाहेरचा माल आधीच येऊन पडला तर त्यांनी जाहिरात आणि भाषांतर यांवर खर्च कशाला करावा? दुसरी गोष्ट, कोणता खेळ कोणत्या वयाला योग्य, याचे नियम देशोदेशी निराळे आहेत. निन्टेन्डोचे तेव्हाचे अध्यक्ष सातोरू इवाता यांनी २०१३ मध्ये कुलपाचे समर्थन करताना हेच सांगितले होते की, निरनिराळ्या प्रदेशांत लोकांना काय रुचते आणि कायद्याला काय चालते, यांत फरक असतो. तिसरी गोष्ट आपल्याला सर्वांत जवळची आहे. गरीब देशात किंमत कमी ठेवायची, तर तो स्वस्त माल श्रीमंत देशात वाहून जाणार नाही याची खात्री विक्रेत्याला हवी असते. आपल्या पाठ्यपुस्तकांच्या स्वस्त आवृत्त्या याच तत्त्वावर मिळतात. भिंत पाडा असे म्हणणे सोपे आहे, पण पाडल्यावर सर्वत्र अमेरिकेचीच किंमत लागू झाली, तर तोटा कोणाचा? हा मुद्दा मी बरेच दिवस डोक्यात घोळवला आणि मला तो खोडता आलेला नाही.

तथापि, किमतीची सबब प्रत्येक वेळी खरी नसते, हे २०११ च्या एका प्रकरणावरून दिसले. निन्टेन्डोच्या ‘वी’ या यंत्रासाठी ‘झेनोब्लेड क्रॉनिकल्स’ हा खेळ जून २०१० मध्ये जपानात निघाला आणि ऑगस्ट २०११ मध्ये युरोपात इंग्रजीत आला. अमेरिकेत मात्र कंपनी तो आणायला तयार नव्हती. भाषांतर झालेले होते, यंत्र तेच होते आणि पैसे देणारे गिऱ्हाईक रांगेत उभे होते. तरी युरोपची इंग्रजी प्रत अमेरिकी यंत्रावर चालेना, कारण कुलूप! अमेरिकी शौकिनांनी ‘ऑपरेशन रेनफॉल’ नावाची मोहीम उघडली. हा आणि आणखी दोन खेळ अमेरिकेत आणा, अशी पत्रे कंपनीला पाठवली आणि आगाऊ मागण्या नोंदवून खेळाला विक्रीच्या यादीत वर नेले. एप्रिल २०१२ मध्ये ‘झेनोब्लेड’ अमेरिकेत आला. ‘द लास्ट स्टोरी’ त्याच ऑगस्टमध्ये आणि ‘पँडोराज टॉवर’ एप्रिल २०१३ मध्ये आला. ज्या मालाला गिऱ्हाईक नाही असा समज होता, त्या ‘झेनोब्लेड’चे पुढचे भाग २०१७ आणि २०२२ मध्ये निघाले आणि ते अमेरिकेतही विकले गेले.

न्यायालयांनीही या कुलपाकडे निरनिराळ्या नजरेने पाहिले. ऑस्ट्रेलियात प्लेस्टेशनमध्ये चिप बसवून देणाऱ्या एका माणसावर सोनीने खटला भरला. ‘स्टीव्हन्स विरुद्ध सोनी’ या नावाने तो गाजला. ६ ऑक्टोबर २००५ रोजी तेथील उच्चतम न्यायालयाने निकाल दिला तो चिप बसवणाऱ्याच्या बाजूने. ते कुलूप नक्कल होण्याला अटकाव करीत नाही, नक्कल झाल्यावर ती चालू देत नाही एवढेच. म्हणून ते कायद्याने संरक्षण दिलेले साधन ठरत नाही, असा युक्तिवाद मान्य झाला. पुढे २००६ मध्ये तिकडचा कायदा कडक झाला. पण तो करताना, केवळ बाजाराचे भौगोलिक तुकडे पाडणाऱ्या कुलपांना त्या संरक्षणातून वगळले गेले. चोर आणि गिऱ्हाईक यांतला भेद कायद्याला शब्दांत मांडता येतो, हे यावरून सिद्ध झाले. आपल्याकडे २०१२ च्या दुरुस्तीने स्वामित्व हक्क कायद्यात कुलूप तोडण्याविरुद्ध कलम आले, त्यातही हक्कभंगाचा हेतू असणे ही अट घातलेली आहे.

याउलट हाँगकाँगच्या ‘लिक-सांग’ या दुकानाचे नशीब फिरले. सोनीचे ‘पीएसपी’ हे हातातले यंत्र जपानात डिसेंबर २००४ मध्ये आले, युरोपात सप्टेंबर २००५ मध्ये. त्याच्या खेळांना प्रदेशकुलूप नव्हते. अधल्या नऊ महिन्यांत अधीर युरोपीय गिऱ्हाइके ते लिक-सांगकडून मागवीत. सोनीने लंडनच्या न्यायालयात दाद मागितली आणि निकाल तिच्या बाजूने लागला. २००६ च्या ऑक्टोबरात ते दुकान बंद झाले. यंत्राला कुलूप नसले, तरी दुकानाला लावता येते, हा त्यातला धडा.

आज स्थिती काय आहे? वरवर पाहता कुलूप सैल झाले आहे. सोनीने २००६ च्या प्लेस्टेशन ३ पासून खेळांच्या तबकड्या बहुतांशी मोकळ्या केल्या. मायक्रोसॉफ्टने २०१३ मध्ये एक्सबॉक्स वनला प्रदेशबंधन जाहीर केले होते. गिऱ्हाइकांचा गिल्ला झाल्यावर महिन्याभरातच ते मागे घेतले. निन्टेन्डोने २०११ च्या ‘थ्रीडीएस’ला आणि २०१२ च्या ‘वी यू’ला कुलूप लावले, पण २०१७ च्या ‘स्विच’ला लावले नाही. मात्र कुलूप गेले असे म्हणवत नाही. त्याने घर बदलले. खेळ आता दुकानातून कमी आणि कंपनीच्या खात्यातून जास्त विकत घेतले जातात, आणि खाते कोणत्या देशाचे, हे कंपनी पाहते. २०२१ च्या जानेवारीत युरोपीय आयोगाने ‘स्टीम’ ही खेळांची पेढी चालवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीला आणि पाच प्रकाशकांना मिळून ७८ लाख युरोचा दंड केला. पूर्व युरोपातील काही देशांत स्वस्तात विकलेले खेळ पश्चिमेकडील देशांत सुरू होऊ नयेत अशी व्यवस्था त्यांनी केली होती, हा आरोप. जून २०२५ मध्ये ‘स्विच २’ आले, तेव्हा जपानात त्याचे दोन प्रकार निघाले. केवळ जपानी भाषा चालणारे आणि केवळ जपानी खाते जोडता येणारे यंत्र ४९,९८० येनला. सर्व भाषांचे ६९,९८० येनला. येन घसरलेला असताना परदेशी पाहुण्यांनी स्वस्त यंत्रे उचलून नेऊ नयेत, म्हणून या खेपेला कुलूप भाषेचे झाले. पुस्तकातला मूल्यभेद इतका उघड मी दुसरीकडे कुठे पाहिलेला नाही. पण यात एक सचोटी आहे, हेही मान्य केले पाहिजे. दोन्ही किमती आणि दोन्ही अटी पेटीवर आणि जाहिरातीत आधीच सांगितलेल्या होत्या. घेणाऱ्याने काय घेतो आहे ते जाणून घेतले.

माझी मागणी त्या सचोटीपासून सुरू होते. मूल्यभेद नकोच, असे मी म्हणत नाही. पण वस्तू कोठे चालणार नाही, हे विकण्यापूर्वी ठळक अक्षरांत सांगितले पाहिजे. आणि दुसरे असे की, धंदा संपला की कुलूपही संपले पाहिजे. थ्रीडीएस आणि वी यू यांवर नवे खेळ विकण्याचे ऑनलाइन दुकान निन्टेन्डोने २७ मार्च २०२३ रोजी बंद केले. आता त्या खेळांच्या जुन्या प्रती हातोहात फिरतात. त्यातून कंपनीला नव्याने काही मिळत नाही. राखायला बाजारच उरला नाही, तर त्याची भिंत कोणासाठी? पण यंत्राला हे कळत नाही. मालक दुकान बंद करून गेला, तरी पहारेकरी दारात उभाच आहे आणि येणाऱ्याला गाव विचारतो आहे. पन्नास वर्षांनी कोणी संशोधक या कृती अभ्यासायला घेईल, तेव्हा त्यालाही तो हेच विचारील.

ताईच्या गोष्टीचा शेवट सांगून थांबतो. संक्रांतीला मी पुन्हा पुण्याला गेलो, तेव्हा तिच्या टेबलावर दोन यंत्रे होती. रंग सोडला तर हुबेहूब सारखी. दुसरे तिने जपानहून जुने मागवले होते. त्यासाठी दोन महिन्यांच्या शिकवण्यांचे पैसे गेले. चार्जरवर १०० व्होल्ट छापलेले, म्हणून तो तिने तसाच गुंडाळून ठेवला होता आणि साध्या यूएसबीच्या वायरीवर काम भागवले होते. खेळ सुरू होता. शेजारी वही उघडी होती आणि तिच्यात शब्दांचे दोन रकाने होते, डावीकडे जपानी आणि उजवीकडे मराठी.

“किती झालं वाचून?” मी विचारले.

“तिसरं प्रकरण,” ती मान वर न करता म्हणाली. “आता मध्ये बोलू नकोस, म्हातारी काहीतरी महत्त्वाचं सांगतेय.”

मी दोन्ही यंत्रे हातात घेऊन वजन करून पाहिले. फरक जाणवला नाही. एकाच कारखानदाराची, एकाच घडणीची दोन यंत्रे ताईने दोनदा पैसे मोजून घेतली होती, आणि तिने वाचले होते ते एकच पुस्तक.